ताईला आणायला गेलो तेव्हाची मुंबई

मुंबईहून कार्ड आलं त्या दिवशी बाबांनी माग थांबवला नाही. पोस्टमनने ते दारातून आत टाकलं, मी उचललं आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला लागले. घरात आलेलं प्रत्येक पत्र वाचायचं काम माझं होतं, कारण बाबांना सहीपुरतंच लिहिता येत होतं आणि मायला तेवढंही नाही. दुसऱ्या ओळीवर माझा आवाज आपोआप बारीक झाला. "आपली मुलगी येथे नांदण्यास योग्य नाही. पुढील आठवड्यात येऊन घेऊन जावी." खाली जावयाची सही. मागाचा धोटा इकडून तिकडे जातच राहिला. मग बाबा म्हणाले, "पुन्हा वाच."

आम्ही नागपूरला पाचपावलीत राहायचो. बाबा हातमागावर लुगडी विणायचे, माय सुताच्या कांड्या भरायची. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचं लग्न आमच्याच बाजूच्या, पण मुंबईला कारखान्यात लागलेल्या मुलाशी झालं तेव्हा गल्लीतल्या बायकांनी मायला म्हटलं होतं, नशीब काढलं पोरीनं. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ती चार दिवस येऊन गेली. पुढे दीड वर्ष नुसती पत्रं. पत्रात दर वेळी त्याच चार ओळी असायच्या: मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असावे, बहिणीने अभ्यास करावा, आईने पाय जपावे. गेल्या हिवाळ्यापासून त्याही थांबल्या होत्या.

"काय झालं ते पोरीले विचारा तरी," माय त्या दिवशी दोनतीनदा म्हणाली.

"विचाराचं काय आहे त्यात? तोंड चालवलं असंल नांदत्या घरात. आधी आणतो, मग पाहू."

मायचे पाय सुजलेले असायचे, तिला प्रवास झेपणार नव्हता. पोरीला आणायला सोबत बाईमाणूस हवं म्हणून मला घेतलं. मी चौदा वर्षांची होते, मे महिन्याची सुट्टी होती. आता लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू? मला आनंद झाला होता. भूगोलाच्या पुस्तकात मुंबईचं एक चित्र होतं, समुद्राकाठच्या कमानीचं. ती कमान आणि सिनेमावाल्यांचे बंगले बघायला मिळतील का, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दोन वेण्यांना बांधायला मी मैत्रिणीकडून नव्या रिबिनी मागून घेतल्या.

परळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ताईची खोली होती. आम्ही पोचलो तेव्हा सकाळ होती आणि जावई कामावर निघून गेला होता, किंवा मुद्दाम निघून गेला असेल. ताईची सासू दारातच उभी राहिली. तिनं आम्हाला पाणी विचारलं नाही. "पेटी भरून ठेवली आहे. बघून घ्या, मागून बोलणं नको," एवढंच म्हणाली.

ताई पेटीजवळ बसली होती. मी तिला ओळखलं, पण ओळखायला क्षणभर वेळ लागला. पोलका दंडाशी इतका सैल झाला होता की दुसऱ्या कुणाचा वाटावा. ती उठली आणि बाबांच्या पाया पडायला वाकली. बाबा त्याच वेळी पेटी उचलायला बाजूला सरले. ती तशीच वाकलेली राहिली आणि मग पदर सावरल्यासारखं करून सरळ झाली. बाबांनी ते पाहिलं की नाही मला माहीत नाही. "चाल," ते म्हणाले.

बोरीबंदरजवळच्या धर्मशाळेत आम्हाला एक खोली मिळाली. परतीच्या गाडीचं आरक्षण दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं होतं.  मी ताईला शाळेतल्या गोष्टी सांगायचा प्रयत्न केला. ती हं हं करत राहिली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. बाबा दाराबाहेर पायरीवर बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मशाळेच्या दाराशी एक माणूस हातात पाटी घेऊन ओरडत होता, "मुंबई दर्शन! एका दिवसात पूर्ण मुंबई! संध्याकाळी सहाला इथंच सोडणार!" मी त्याच्याकडे अशी पाहायला लागले की बाबांना ते कळलं असावं. पण ते माझ्याशी बोलले नाहीत, ताईकडे वळले.

"तू पाह्यली असशील सगळी मुंबई." तिला घेतल्यापासून त्यांनी विचारलेली ती पहिली गोष्ट होती.

"नाही."

"समुद्र?"

"नाही पाह्यला."

"दोन वर्षं राहून?"

"रविवारी जाऊ म्हणत," ताई म्हणाली.

 बाबांनी टोपी सारखी केली, पेटी स्टेशनवर ठेवायला देऊन आले आणि येताना तीन तिकिटं काढूनच आले. त्यांनी तसं का केलं हे मी पुढे अनेकदा मनाशी विचारलं. त्यांच्या आयुष्यात त्यांनी सहलीसाठी कधी एक दिवस घालवला नव्हता. मला वाटतं, पोरीशी बोलता येत नाही तर निदान काहीतरी करावं, असं त्यांना झालं असेल.

बस निळी होती. आमच्या पुढे गुजराती नवरा-नवरी, आमच्या मागे सोलापूरची एक म्हातारी आणि तिचा मुलगा. गाईड पन्नाशीचा, पांढरी पँट, घामामुळे कॉलरमध्ये रुमाल खोवलेला. बोलून बोलून त्याचा घसा बसलेला होता, तरी तो मराठी, हिंदी आणि थोडी इंग्रजी अशा तिन्ही भाषांत तेच तेच न कंटाळता सांगायचा. बस सुटल्यावर त्यानं एकेकाला गाव विचारलं.

"नागपूर," बाबा म्हणाले.

"अरे वा! मग संत्री आणलीत की नाही आमच्यासाठी?"

सगळी बस हसली. बाबांना मात्र ती थट्टा वाटली नाही. ते अर्धवट उठून म्हणाले, "सध्या हंगाम नाही जी."

पुस्तकातली कमान मी खरोखर पाहिली. तिच्या पलीकडे पाणीच पाणी, आणि पाण्यावर लहान लहान लाँची. मी धावत कठड्यापर्यंत गेले. ताई माझ्या मागून हळूहळू आली. तिनं कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि कितीतरी वेळ ती खाली बघत राहिली. खाली पाण्यात कचरा होता, झेंडूची फुलं होती, नारळाची शेंडी होती.

"इथंच असंल का वं?" ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही."

मी विचारलं नाही. तिथे एक फोटोवाला होता, त्याच्या पाटीवर लावलेले फोटो बघायला मी निघून गेले. आज मला त्या सकाळचं बाकी फारसं आठवत नाही, पण ते "काही नाही" स्वच्छ ऐकू येतं.

गाडी सुरू झाल्यावर गाईड सांगायला लागला. ही मुंबई म्हणजे आधी सात बेटं होती. मधे सगळीकडे पाणी. भरती आली की या बेटावरून त्या बेटावर जाता येत नसे.

"मग मधलं पाणी कुठं गेलं?" ताईनं विचारलं. इतक्या स्पष्ट आवाजात की बाबांनीही मान वळवून पाहिलं. शाळेत असताना ती अशीच विचारायची, गुरुजींनासुद्धा.

गाईडला आनंद झाला. दिवसातून एखादाच असा प्रश्न त्याच्या वाट्याला येत असावा. "भरून काढलं, ताई. दगड-माती टाकली, वर्षानुवर्षं टाकली. आपण आत्ता चाललोय ना, या रस्त्याखाली समुद्र होता."

"म्हणजे खाली जे होतं ते खालीच राह्यलं," ती म्हणाली.

"तसंच म्हणायचं," गाईड म्हणाला आणि पुढची इमारत दाखवायला लागला.

मत्स्यालयात मी काचांना नाक लावून फिरले. टेकडीवरच्या बागेतून खाली किनाऱ्याची वळलेली रेघ दिसली. बाबा गुजराती नवरीच्या साडीच्या काठाकडे बघून माझ्या कानात म्हणाले, "यंत्रमागाचा आहे." मला हसू आलं. बाबा एवढे तरी बोलले म्हणून बरंही वाटलं. हवा अशी की घाम वाळतच नव्हता. आमच्याकडे मे महिन्यात अंगाची काहिली होते, पण घाम असा चिकटून राहत नाही. बाबा धोतराच्या सोग्यानं सारखे मान पुसत होते.

त्याच टेकडीवर म्हातारीचा बूट होता. दगडी-सिमेंटचा मोठा बूट, आत जिना, वर खिडकीतून लहान मुलं डोकावत होती आणि खालच्या आयांना हाका मारत होती. मी मोठी झाले होते तरी वर जाऊन आले. खाली उतरले तेव्हा ताई झाडाखालच्या बाकावर बसली होती. शेजारी सोलापूरची म्हातारी डब्यातून चटणी-भाकरी काढून खात होती. तिनं ताईला अर्धी भाकरी दिली आणि म्हाताऱ्या बायका विचारतात तसं सहज विचारलं, "तुला काय गं, पोरंबाळं?"

"मुलगी झाली होती," ताई म्हणाली. "एक दिवस होती."

"अगंबाई. कधी?"

"पौषात."

म्हातारीनं डबा खाली ठेवला आणि आपला हात ताईच्या पाठीवर ठेवला.  बाबा नळावरून पाण्याची बाटली भरून आणून बाकाच्या मागे तीन पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. मीही ऐकलं होतं, पण मला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. ताईला मुलगी झाली असती तर आम्हाला कळलं नसतं का? पहिलं बाळंतपण माहेरी असतं. सातव्या महिन्यात माय तिला घेऊन आली असती, चोळी शिवली असती, गल्लीला जेवण झालं असतं.

बाबांनी बाटली माझ्या हातात दिली आणि बसमध्ये जाऊन बसले.

त्यानंतरची ठिकाणं मी पाहिली. सिनेमावाल्यांचे बंगले म्हणजे उंच भिंती आणि बंद फाटकं होती. गाईडनं एका भिंतीकडे बोट दाखवल्यावर सगळी बस एका बाजूला कलली, आणि तिच्यात मीही होते. उभी राहून, मान उंच करून. माझ्या पायाजवळ ताई खाली मान घालून बसली होती आणि मी तिच्या अंगावरून वाकून भिंत बघत होते.

जुहूच्या चौपाटीवर बस थांबली तेव्हा चार वाजले असतील. "पाऊण तास," गाईडनं सांगितलं. वाळू तापलेली होती. लोक भेळेकडे, घोड्यांकडे पांगले. बाबा मात्र सरळ चालत गर्दीपासून लांब, ओल्या वाळूपर्यंत गेले. आम्ही दोघी मागोमाग. तिथे ते थांबले आणि समुद्राकडे बघतच म्हणाले,

"काय सांगून राह्यली होती वं तू त्या म्हातारीले?"

 ताई म्हणाली, "तुम्हाले माहीत आहे ना ते."

"मले काय माहीत?"

"मी पत्र लिहिलं होतं ना, बाबा. पाचवा लागला तेव्हाच. सातव्यात न्यायले या म्हणून. मी पेटीसुद्धा भरून ठेवली होती. तुम्ही आले नाही."

बाबा माझ्याकडे वळले. तसा त्यांचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. "आलं होतं का वं असं पत्र?"

"नाही," मी म्हणाले. मला रडू फुटायला लागलं होतं, कारण क्षणभर वाटलं, आपण एखादं पत्र वाचायचं विसरलो तर नाही. "नाही बाबा. मायची शप्पथ. एकही नाही."

"दुसरंही लिहिलं होतं," ताई म्हणाली. "लेकरू गेल्यावर. त्यात लिहिलं होतं, आता तरी या."

"नाही आलं."

"टाकाले कोणापाशी देत होती?" बाबांनी विचारलं.

"त्यांच्यापाशीच. मले एकटीले खाली उतरू देत नव्हते." बोलता बोलता ती थांबली. तिला तेव्हाच कळलं असावं. खोलीतल्या त्या दीड-दोन वर्षांत तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं की नवरा पत्र टाकत नसेल. बाप आला नाही, हे तिला खरं वाटलं होतं. ती वाळूत खाली बसली.

"म्हणजे तुम्हाले माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "मी तुमच्यावर राग धरून बसली होती, बाबा. मी म्हटलं, खर्च नको म्हणून आले नाही. मी म्हटलं, माझा बाप मेला. त्या दवाखान्यात मोठ्यानं म्हटलं मी तसं."

बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले. "अन् मी तुझ्यावर," ते म्हणाले. "कार्ड आल्यापासून."

मग ताईनं सगळं सांगितलं. मोठ्यानं नाही, रडतही नाही, जसं एखादी शेजारीण दुसऱ्याच्या घरचं सांगते तसं. साडेसातव्या महिन्यात कळा आल्या. महापालिकेच्या दवाखान्यात मुलगी झाली. अगदी लहान होती, पण रडली होती, ताईनं तिचं रडणं ऐकलं होतं. नर्सनं दोनदा छातीशी आणून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. नवरा आणि त्याचा भाऊ येऊन तिला कपड्यात गुंडाळून घेऊन गेले. दवाखान्यात कुणीतरी सांगितलं की पुढे मूल होणं अवघड आहे, आणि त्या दिवसापासून सासू तिच्या हातचं पाणी घेईना.

"कुठं नेलं लेकराले?" बाबांनी विचारलं.

"मी विचारलं. सासू म्हणे, समुद्राकडं नेलं. आणखी काही सांगितलं नाही." तिनं हात वर करून समोर दाखवलं, आणि तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "मले काय माहीत, समुद्र एवढा असते म्हणून? सकाळपासून पाहून राह्यली मी. जिथं जा तिथं हाच आहे. कुठं पाहू मी तिले, बाबा?"

बाबा उठले. चपला काढायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. ते तसेच पाण्यात गेले, धोतर भिजलं, गुडघ्यापर्यंत पाणी आलं, आणि तिथे टोपी काढून हातात धरून उभे राहिले. एक लाट आली, ते डगमगले, पण मागे आले नाहीत. मी ताईजवळ बसून तिचा हात धरला होता.  माझ्या रिबिनी वाऱ्यानं तोंडावर येत होत्या, मी त्या सोडून टाकल्या.

शिट्टी वाजली. लोक बसकडे निघाले. आम्ही हललो नाही म्हणून गाईड स्वतः वाळू तुडवत आला. "चला, चला, नागपूर! तुमच्यामुळे उशीर होतोय," असं म्हणत आला, आणि आमची तोंडं बघून थांबला. बाबा पाण्यातून बाहेर आले.

"साहेब," त्यांनी त्याला विचारलं, "इकडं लहान लेकरं पाण्यात सोडतात का हो? तान्ही. गेलेली."

गाईडला आधी समजलं नाही. मग त्यानं ताईकडे पाहिलं आणि समजलं. त्यानं कॉलरमधला रुमाल काढला, तोंड पुसलं.

"नाही, बाबा. पाण्यात नाही सोडत. पुरतात. स्मशानात वेगळी जागा असते त्यांच्यासाठी." मग त्यानं ताईला विचारलं, "कुठला दवाखाना होता, ताई?"

ताईनं सांगितलं.

"तिथून मग..." तो विचार करत राहिला. "तिथून बहुतेक एकाच ठिकाणी नेतात. समुद्राच्या बाजूलाच आहे. म्हणून तसं म्हणाल्या असतील. पण नक्की मी नाही सांगू शकत. खोटं सांगणार नाही."

"उतरता येईल?" बाबांनी विचारलं.

त्यानं घड्याळात पाहिलं. बसमध्ये चाळीस माणसं बसली होती, आणि आमची गाडी आठची आहे हे बाबांनी त्याला सकाळीच सांगितलं होतं. "उतरलात तर तुमची गाडी चुकेल. आणि आत जाऊनही कुणी दाखवू शकणार नाही, बाबा. कुठल्या जागेवर काही खूण नसते. रस्त्यावरून दाखवतो. त्या रस्त्यानं आपण जात नाही, पण आज जाऊ."

परतताना तो ड्रायव्हरशेजारी बसून काहीतरी हळू बोलला. मग माइक हातात न घेता आमच्या बाकाजवळ येऊन उभा राहिला.  बस मोठा रस्ता सोडून वळली. एका लांब भिंतीजवळ ड्रायव्हरनं वेग इतका कमी केला की बाजूनं सायकलवाले पुढे जायला लागले. भिंतीवरून झाडांचे शेंडे दिसत होते, एक फाटक होतं, फाटकाशी फुलवाली बसली होती. झाडांच्या पलीकडून समुद्राचा वारा येत होता.

"ही," गाईड म्हणाला.

बाबा उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. ताईनं हात जोडले नाहीत. ती खिडकीच्या गजाला कपाळ लावून बघत राहिली, भिंत संपेपर्यंत, आणि भिंत संपल्यावर मान वळवून मागे. पुढच्या बाकावरच्या गुजराती नवऱ्यानं इकडेतिकडे पाहत विचारलं, "भाईसाब, ये क्या है? इसका नाम नहीं बताया."

"कुछ नहीं," गाईड म्हणाला. "ट्रैफिक है."

धर्मशाळेपाशी उतरताना बाबांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले.   आत बसलेली सोलापूरची म्हातारी खिडकीतून ताईकडे हात हलवत होती.

स्टेशनवर पेटी सोडवल्यावर बाबा एकदम म्हणाले, "तुम्ही बसा इथं. मी परळले जाऊन येतो. त्याले विचारतो, पत्रं कुठं आहेत माझी."  ताईनं त्यांची बाही धरली.

"काय विचारसान, बाबा? तो सांगंल अन् मग? चला घरी."

ते पेटीवर बसले. गाडी लागेपर्यंत तसेच बसून राहिले, धोतराच्या काठावर वाळलेलं मीठ हातानं झटकत. गाडीत त्यांनी ताईला खिडकीजवळ बसवलं, आपली घोंगडी तिच्यासाठी अंथरली. ती झोपली. या वेळी तिचं तोंड आमच्याकडे होतं.

आम्ही घरी पोचलो तेव्हा माय ओट्यावर वाट बघत बसली होती. बाबांनी तिला तिथेच, बसायच्या आत, तीन वाक्यांत सगळं सांगितलं. मी घाबरले होते, माय आता मोठ्यानं रडेल, गल्ली गोळा होईल. पण तिनं फक्त विचारलं, "रडली होती का लेक? जिवंत झाली होती?"

"रडली होती, माय," ताई म्हणाली.

माय उठली. सुजलेल्या पायांनी परसात गेली, चूल पेटवली, मोठ्या हंड्यात पाणी ठेवलं. "आपल्या घरचं लेकरू गेलं," ती म्हणाली, "अन् आपण कोणी आंघोळ केली नाही." भर दुपारी, चार महिने उलटून गेल्यावर, आम्ही चौघांनी एकामागून एक डोक्यावरून आंघोळ केली. ताईला मायनं स्वतः घातली. न्हाणीच्या पडद्याआडून आधी पाण्याचा आवाज येत होता. मग बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही, आणि मग त्या दोघींचं रडणं ऐकू आलं. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. त्या दिवशी मात्र त्यांनी माग चालवला नाही.

जावयानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. नातेवाइकांनी बैठक बसवायचं बोलून पाहिलं, ताई नको म्हणाली. पुढे ती धंतोलीतल्या एका दवाखान्यात कामाला लागली. चादरी, अभ्रे, हिरवे कपडे धुऊन-वाळवून घड्या घालायच्या खोलीत. बाळंतिणींचा मजला वर होता. तिथले कपडे खाली यायचे, ती ते धुवायची, पण वर कधी गेली नाही. वरच्या मोठ्या नर्सबाईनं जास्त पगाराचं काम देऊ केलं तेव्हाही नाही. बाबा तिला सकाळी सायकलवर सोडायला जायचे. तिला बस मिळत होती, तरी जायचे. वाटेत ती दोघं काय बोलायची ते मला ठाऊक नाही. घरी आल्यावर बाबा जरा हलके दिसायचे.

त्या दिवशीच्या माझ्या वागण्याबद्दल मी ताईजवळ एकदा बोलले. मी अकरावीला होते. म्हटलं, तू कठड्याशी विचारलंस तेव्हा मी थांबायला हवं होतं. ती चादरीची घडी घालत होती. "तू लहान होती," ती म्हणाली. मग म्हणाली, "थांबली असती तर बरं झालं असतं." तिनं ते रागानं म्हटलं नाही. खरं होतं म्हणून म्हटलं. मला ते दुसऱ्या कुठल्याही उत्तरापेक्षा जास्त लागलं, आणि अजून लागतं.

एक्याऐंशी सालच्या जनगणनेला आमच्या गल्लीत एका शाळेच्या बाई आल्या. मांडीवर मोठा कागद पसरून त्या एकेकाची माहिती लिहीत होत्या. बाबांचं झालं, मायचं झालं. ताईचं लग्न झालेलं आहे हे लिहिल्यावर त्यांनी पुढच्या रकान्यावर पेन ठेवलं आणि मान वर न करता विचारलं, "मुलं?"

माय पटकन म्हणणार होती, नाही म्हणून. बाबांनी तिला हातानं थांबवलं.

"जन्मलेली एक," ताई म्हणाली.

"हयात?"

"एकही नाही."

बाईंनी पहिल्या रकान्यात एक लिहिला, दुसऱ्यात शून्य. शून्य लिहिताना त्यांचा हात किंचित थांबला. "मुलगा की मुलगी?" त्यांनी विचारलं.

"मुलगी," बाबा म्हणाले.

बाईंनी तेही लिहून घेतलं, आणि मग माझ्याकडे वळून माझं वय विचारलं.